जुनी लेगो आगगाडी: भाव कसा काढायचा?

प्रश्न : अमेरिकेतल्या मामांनी ३० वर्षांपूर्वी आणलेला लेगोच्या ठोकळ्यांचा ‘मेट्रोलायनर’ आगगाडी संच (क्रमांक ४५५८) माळ्यावर पत्र्याच्या पेटीत सापडला. मोटार, रूळ, ट्रान्सफॉर्मर आहेत, खोकं फाटलंय. इंटरनेटवर एकाने अशाच संचाला भरमसाट किंमत लावलीय. तेवढे पैसे येतील का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. मोंढ्यात सौदा होऊन पट्टीवर येतो तो भाव. ब्रिकलिंक या संकेतस्थळावर प्रत्येक संचाची मागच्या सहा महिन्यांत खरोखर झालेली विक्री दिसते. तिथे ‘वापरलेला’ हाच रकाना बघा. क्रमांकही नीट जुळवा. ४५५८ हा १९९१चा. हीच गाडी २००१ मध्ये १०००१ या क्रमांकाने पुन्हा आली, तिची नोंद वेगळी आहे.

तुमच्याकडचा खरा ऐवज म्हणजे मोटार आणि रूळ. ही ९ व्होल्टची पद्धत. वीज रुळावरच्या धातूच्या पट्टीतून चाकांवाटे मोटारीत जाते. २००६ मध्ये बॅटरीवरच्या गाड्या आणि निव्वळ प्लास्टिकचे रूळ आले, पुढे ९ व्होल्टचं उत्पादन थांबलं. ज्यांच्या घरी जुनी मांडणी आहे, ते हे भाग सुटेसुद्धा शोधत असतात. म्हणून ‘मोटार चालू’ एवढं छातीठोक सांगता आलं, तरच चांगला भाव येतो.

पण घाईने पिन सॉकेटमध्ये घालू नका! आधी ट्रान्सफॉर्मरवरचा इनपुटचा आकडा वाचा. अमेरिकेतला असेल तर तो १२० व्होल्टचा असणार. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला की जळालाच. मध्ये व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन कन्व्हर्टर हवा. मग रूळ मोजा. पूर्ण गोलाला १६ वळणाचे रूळ लागतात, १५ असले तरी तो जुळत नाही. रुळावर काळपट थर असेल तर सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टीचा वरचा भाग आणि मोटारीची धातूची चाकं पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, ओरखड्यांत मळ धरतो. गाडी दर फेरीला एकाच जागी मंदावत असेल तर तिथला सांधा सैल किंवा मळलेला आहे. सगळीकडेच अडखळत असेल तर चाकं पुन्हा पुसा.

ठोकळे धुताना मोटार, रूळ, ट्रान्सफॉर्मर, तारा आणि स्टिकर लावलेले भाग आधी बाजूला काढा. पाणी ४० अंशांच्या आतलं घ्या. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच त्याहून गरम असतं, त्यात ठोकळे वाकू शकतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटची धुणी फिल्टरच्या पाण्याची. वाळवायचं सावलीतच.

मग पुस्तिकेप्रमाणे गाडी पूर्ण जोडा. नुसतं मोजून जे निसटतं, ते जोडताना लगेच कळतं. जोडताना ठोकळ्यांवरचे गोल उंचवटे बघा. अस्सल असेल तर प्रत्येकावर ‘LEGO’ ही उठावाची इंग्रजी अक्षरं असतात. बनावट तुकडे वेगळे काढा, आणि काय कमी आहे ते जाहिरातीत स्पष्ट लिहा. फाटलेलं खोकं फेकू नका, त्यालाही गिऱ्हाईक असतं.

प्रश्न : पांढरे-करडे ठोकळे पिवळे पडलेत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उजळले तर चालेल?
— एक वाचक, लातूर

उत्तर : विकायचे असतील तर करू नका. रंग उजळतो, पण काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो, कधी पट्टेही उठतात. जाणकार गिऱ्हाईक हे ओळखतं आणि मग बाकी संचावरही शंका घेतं. त्यापेक्षा दिवसाच्या उजेडात, शेजारी एक न पिवळलेला ठोकळा ठेवून फोटो काढा. मोटारीचा फोटो खालून, चाकं दिसतील असा.

प्रश्न : नांदेडहून पुण्याला कुरिअर करायचंय. वजन भरतं दोन किलो, पैसे मागतात पाच किलोचे. असं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ते आकारमानाचं वजन धरतात : लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटर) भागिले ५०००. ६० × ४० × १० चं खोकं म्हणजे ४.८ किलो. मूळ खोकं पाठवायचं नसेल तर गाडीचे डबे सुटे करा, रूळ एकावर एक रचून रबराने बांधा आणि लहान खोक्यात भरा. मोटार वेगळी गुंडाळा, तिच्यावर कशाचाही भार नको.