पैंजण काळे पडलेत, चेनला गाठ बसलीय, ठुशीची कडी निसटलीय... घरी काय करता येईल?

शेवटचं आधी. ठुशीची कडी फेविक्विकने चिकटवू का, असं विचारलंत. नका चिकटवू. माझे वडील डाख-उजाळ्याचं, म्हणजे तुटलेले दागिने सांधायचं आणि चमकवायचं, काम करायचे. चिकटवलेला दागिना समोर आला की कपाळाला हात लावायचे. डाख देण्याआधी तो गोंद खरवडत बसावं लागतं आणि कणभर जरी राहिला तरी तापवताना डोळे झोंबवणारा धूर निघतो.

कडी तुटलेली नाही, नुसती फाकलीय, तर घरी जमेल. बारीक टोकाच्या दोन पकडी घ्या. कडीचं एक टोक पुढे आणि दुसरं मागे असं तिरकं वळवून अडकवा, मग तसंच उलट आणा. टोकं दोन बाजूंना ओढली तर गोलाई जाते आणि कडी पुन्हा नीट मिटत नाही.

पैंजणांचं काम सोपं आहे. काळं दिसतं तो मळ नव्हे. हवेतल्या, घामातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन ती पुटं चढतात. काचेच्या भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर पैंजण ठेवा, फॉइलला टेकलेले हवेत. लिटरभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून वरून ओता. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, गंधक चांदीला सोडतोय. काळेपणा पाच-दहा मिनिटांत उतरतो. टूथपेस्टने घासलं तर चमक येते, पण चांदी मऊ, ओरखडे राहतात. घुंगरांच्या आत पाणी राहतं, म्हणून पंख्याखाली चांगले सुकवा. मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड चांदी, मीनाकाम किंवा खडे असतील तर मात्र यातलं काही करू नका.

आता ठुशी. ती या पाण्याच्या आसपासही नेऊ नका. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंची ठुशी मी रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवून ठेवली होती. सोनाराची मुलगी, मला कोण शिकवणार! थोड्या वेळाने पाहते तो पाण्यावर तपकिरी तवंग. जुन्या ठुशीचे, साजाचे मणी पुष्कळदा वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख, असे असतात. लाख पाघळली आणि पुसताना दोन मणी बोटाखाली चेपले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढची दोन वर्षं दिवाळीत दागिन्यांचा डबा माझ्या हाती आला नाही. अशा दागिन्याला ओलसर मऊ फडकं पुरतं. भरीव सोन्याच्या बांगड्या-पाटल्यांना रिठ्याचं कोमट पाणी आणि लहान मुलांचा दात घासायचा ब्रश चालतो.

नथ, तन्मणी असं मोत्यांचं काही असेल तर चिंच, लिंबू, व्हिनेगर लांब ठेवा. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटात झिजतो.

चेनची गाठ मात्र निवांत दुपारी काढा. चेन ताटलीत ठेवा, गाठीवर खोबरेल तेलाचा एकच थेंब. शिवणाच्या दोन सुया गाठीच्या मध्यात खुपसून हलकेच एकमेकींपासून दूर न्या, की गाठ सैल होऊन फुलते. टोकं ओढायची नाहीत, ओढली की गाठ घट्ट होते. शेवटी साबणाच्या पाण्यातून काढा, नाहीतर तेलावर धूळ बसते. मंगळसूत्र चेनचं नसून दोऱ्यात ओवलेलं असेल आणि दोरा विरलाय असं दिसलं, तर ते वाढायची वाट पाहू नका (आमच्याकडे ‘तुटलं’ म्हणत नाहीत). पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

आणि दारावर ‘उजाळा देतो’ म्हणत येणाऱ्याच्या हातात सोनं देऊ नका. त्याच्या बाटलीत बहुधा नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण असतं. त्यात सोनं विरघळतं. बांगडी तुमच्यासमोर लखलखते, पण झिजलेलं सोनं पाण्यातून त्याच्याबरोबर जातं. डाख द्यायला आपल्या नेहमीच्या सोनाराकडे जातानाही आधी वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या. माझे वडील गिऱ्हाइकाला ते स्वतःहून लिहून द्यायचे.