मुंबईत दोन दिवस आहे. चांगलं सँडविच कुठे मिळेल? (टपरीवरचं नको, स्वच्छ दुकान सुचवा)

कंसातलं 'टपरीवरचं नको' नसतं, तर मी हा प्रश्न वाचून पुढे गेले असते.

फोर्टात एका ऑफिसांच्या इमारतीखाली माझ्या बाबांची सँडविचची टपरी होती, १९८४ ते २०११. म्हणजे माझं मत एका बाजूचं आहे, ते धरूनच वाचा.

बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि तो संपला असं आम्हाला कोणी कधी येऊन सांगितलंच नाही. दोन वर्षं उधारीवर निघाली. चाळीतले बरेच जण वडापावच्या गाडीकडे वळले. बाबांच्या छातीत आधीच कापसाची धूळ होती, तेलाचा धूर सोसेना, म्हणून त्यांनी सँडविच धरलं. चर्चगेटला गाडी लावणाऱ्या एका गुजराती काकांकडे तीन महिने फुकट काकड्या सोलून ते शिकले. चाळीत चेष्टा झाली, मराठी माणसाने वडा तळावा, हे बीट-काकडीचं काय!

लालबागची खोली दहा बाय बाराची. पहाटे साडेचारला एका पातेल्यात बटाटे, दुसऱ्यात बीट. एकत्र उकडायचे नाहीत, बीट बटाट्याला रंग लावतं. मग चटणी. कोथिंबीर देठांसकट (देठ फेकणाऱ्याला चटणी कळत नाही), पुदिना बेताने, हिरवी मिरची, आलं, जिरं, वाटताना बर्फाचे खडे म्हणजे रंग काळवंडत नाही. लिंबू सगळ्यात शेवटी. आणि आदल्या दिवशी कापलेल्या ब्रेडच्या कडा किंवा मूठभर डाळं, म्हणजे चटणीला पाणी सुटत नाही. मी पाचवीपासून बिटं सोलायला बसायचे. शाळेत बाईंनी एकदा हात पुढे करायला लावले, म्हणाल्या, शाळेत मेंदी चालत नाही. मी मेंदीच आहे म्हणून सांगितलं. बीट म्हणायची लाज वाटली होती, हेही लिहून टाकते.

आता स्वच्छतेचं. बाबांकडे फ्रिज नव्हता. पहाटे वाटलेली चटणी संध्याकाळी सहापर्यंत संपलीच पाहिजे, नाहीतर गटारात. काचेचा दरवाजा, एसी आणि टोप्या घातलेली मुलं असलेल्या दुकानात मागे फ्रिज असतो, आणि फ्रिजमध्ये परवाची चटणी. मी बँकेत नोकरी करते, दुपारी अशा दुकानांतूनही मागवते, त्यामुळे ऐकीव बोलत नाहीये. फरशी बघू नका, चटणी बघा. हिरवीगार आणि घट्ट असेल तर खा, कडेला पाणी सुटलेलं आणि रंग शेवाळी असेल तर दुकान कितीही चकचकीत असो, उठा.

दुसरी खूण लोणी. ते दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लागलं पाहिजे. ते चवीपेक्षा चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरू नये म्हणून असतं. समोर अमूलची वीट मांडायची आणि डब्यात स्वस्तातलं काहीतरी ठेवायचं, हा धंदा करणारेही आहेत, जिभेला लगेच कळतं. मसाल्याची चिमूट प्रत्येक थरावर पडली पाहिजे. शेवटी एकदाच वरून मारणारा एकतर घाईत आहे किंवा नवीन आहे.

टोस्ट घ्यायचा तर लांब दांड्याच्या टोस्टरमधलाच घ्या, आचेवर धरून भाजलेला. कडा दाबल्या जाऊन आपोआप बंद होतात, बाहेर राहिलेला ब्रेड करपतो तो सुरीने खरवडून काढतात, आत काकडी अजून कच्ची करकरीत असते. हे विजेच्या ग्रिल मशीनला जमत नाही. आणि इथे मला दादाबद्दल बोलावंच लागेल.

२००३ साली दिवाळी झाल्यावर दादा लोहार चाळीतून ग्रिल मशीन घेऊन आला. हप्त्याने. जमाना बदललाय, लोकांना रेघारेघांचं सँडविच हवंय, आत चीज हवंय, असं तो आठवडाभर घरात बोलत होता. बाबा काही बोलले नाहीत. टपरीला वीज कुठली! दादाने वॉचमनशी पैसे ठरवून इमारतीच्या जिन्याखालच्या बोर्डातून वायर ओढली आणि सोमवारी सिगडी घरीच ठेवायला लावली. मी रजा काढून गेले होते, मला वाटतं गंमत बघायलाच.

एक ते दोन ही टपरीची खरी वेळ. एरवी बाबांचे चार टोस्टर निखाऱ्यांवर फिरत असायचे, एक उतरला की दुसरा चढला. मशीनमध्ये दोनच सँडविचं बसायची, आणि पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही असं दादाचं फर्मान. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. ऑफिसच्या माणसाला अर्धा तास सुटी, त्यातली वीस मिनिटं उभ्याने गेल्यावर तो रेघा बघत नाही. मशीनच्या दाबाने टोमॅटो फुटला, चटणी कडेने वाहून पत्र्यावर करपली, कोथिंबिरीचा जळका वास सुटला. ब्रेड खाकऱ्यासारखा. रोजचे एक काका प्लेट हातात धरून बाबांकडे नुसते बघत राहिले. बाबा रस्त्याकडे बघत होते.

सव्वाएकच्या सुमारास फट्ट झालं. मशीन बंद, जिन्यातला दिवा बंद, आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आत तीन कारकून. तिघंही आमच्याकडेच खायला खाली उतरत होते.

बाबा पलीकडच्या भुट्टेवाल्याकडून त्याची सिगडी मागून घेऊन आले. तोवर दोन वाजले. त्या संध्याकाळी सहा ब्रेड घरी परत आले. आमच्याकडे ब्रेड कधी परत यायचा नाही. तीन दिवस आम्ही ब्रेडचा उपमा खाल्ला, आणि तिन्ही दिवस दादा ताटावर म्हणत होता, "मशीन चांगलं होतं, वायर कच्ची होती." वीस वर्षं झाली, अजूनही तेच म्हणतो. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्याने सासरच्या लोकांना 'बाबांचं केटरिंग आहे' म्हणून सांगितलं होतं. 'फोर्टात टपरी आहे' हे मी सांगितलं, चहा द्यायला बाहेर आले तेव्हा. म्हणून तुमचा कंस टोचला.

चीजचंही एकदा बोलून टाकते. घाटकोपरला वल्लभबाग लेनमध्ये जा, सँडविचवर चीज किसून एवढा डोंगर करतात की खाली काय आहे ते कळत नाही. वाईट चटणी झाकायला चीजसारखा दुसरा पदार्थ नाही. पोरं फोटो काढतात. काढू देत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. बसायला जागा हवीच असेल तर वांद्र्याला कँडीज, तिथली चिकन सँडविचं चांगली असतात. हाजी अली ज्यूस सेंटरला सँडविच आणि ज्यूस. पार्ल्याला मिठीबाई कॉलेजजवळ आनंद नावाचा स्टॉल, पण तिथे उभ्यानेच खायचं. चर्चगेटला ब्रेबर्न स्टेडियमजवळ के. रुस्तमकडे दोन वेफर बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी देतात. त्यालाही सँडविचच म्हणतात आणि ते धावत खावं लागतं, नाहीतर मनगटावर येतं. दादा आता पुण्यात असतो, तो तुम्हाला तिथल्या सँडविचसाठी मर्झोरिनला जा म्हणेल. मर्झोरिन छानच आहे, पण तुम्ही मुंबईत आहात.

आणि खरं सँडविच खायचं असेल तर फोर्टात जा, दुपारी साडेबाराला, शेअर बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत. नाव विचारू नका, ज्याच्यासमोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं उभी आहेत तो धरा. पहिल्यांदा साधं घ्या, न भाजलेलं. चटणी त्यातच कळते. जैन मागितलंत तर बटाटा, कांदा, बीट जातं आणि बहुतेक कच्चं केळं येतं, तेही वाईट लागत नाही.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. पावसाळ्यात येत असाल तर साधं घेऊ नका, टोस्टच घ्या, आणि पोट नाजूक असेल तर वरची जादा चटणी टाळा. बाबांच्या चटणीसाठी बाटलीबंद पाण्याचा कॅन आणायला लावला तो दादाने. बाबा खर्चाला कुरकुरले होते, मीही त्यांचीच बाजू घेतली होती, आणि त्यात आम्ही दोघं चुकलो होतो. दुसरं, २००९ मध्ये समोरच्या फुटपाथवर एका मुलाने फक्त ग्रिलची गाडी लावली आणि कॉलेजची सगळी पोरं तिकडे गेली. त्याची वायर पक्की होती.

फोर्टात शनिवार-रविवारी जाऊ नका, ऑफिसं बंद असली की निम्म्या टपऱ्या लागतच नाहीत. बीट नको असेल तर ब्रेडला लोणी लागायच्या आधी सांगा.

मशीन अजून लालबागच्या खोलीत माळ्यावर आहे, त्यावर आईने पितळेचे डबे रचलेत. दादाला हवं असेल तर येऊन न्यावं. वायर त्याची त्याने आणावी.