1881 चा रुपया आणि लेकीचं कर्ज

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न: बाबांच्या मागे देवघरातल्या पेटीत चांदीचा एक रुपया मिळाला. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसरीकडे ‘इंडिया पोर्तुगेझा’, साल 1881. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तो मांडला जायचा. मी त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला, तर एकाचा फोन आला. तीन लाखांना घेतो म्हणाला, पण आधी नोंदणीचे 8,500 रुपये भरा. मुलीच्या शैक्षणिक कर्जाचे 4 लाख 20 हजार बाकी आहेत. हप्त्याशिवाय दर महिन्याला 5,000 रुपये जास्तीचे भरत होते, ते या व्यवहाराच्या आशेवर थांबवलेत. ओळखीचे सराफ शेट म्हणतात, चांदीच्या भावाने घेतो. काय करू?

ताई, ते 8,500 रुपये मुळीच भरू नका. ज्याला माल घ्यायचा असतो तो विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. त्याने रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं, कागदावर शिक्का दाखवला, तरीही नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचं नाव वापरून लोकांकडून शुल्क आणि कर उकळला जातोय, आमचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं. तो नंबर ब्लॉक करा.

आता तीन लाखांचं. तुमचा रुपया पोर्तुगालचा राजा लुईस पहिला याच्या काळातला. इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत 1878 साली करार झाला आणि गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा झाला: 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात 91.7 टक्के चांदी. म्हणजे नाणं अस्सल असेल तर शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. चांदी ग्रॅमला 150 रुपये धरली तर 1,600 रुपये झाले. त्या दिवशीचा जो भाव असेल तो घालून तुम्हीच गुणाकार करा. हा रुपया रोजच्या चलनासाठी पाडलेला, त्यामुळे आजही संग्राहकांकडे सहज दिसतो. नीट राखलेल्या नाण्याला ते चांदीपेक्षा जास्त देतात, पण हाताळून गुळगुळीत झालेल्या रुपयाला लाख कोणी देत नाही. अस्सल असणं आणि दुर्मीळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोनवाले नेमका त्याच गोंधळाचा फायदा घेतात.

तरी खरंखोटं पाहायचंच, कारण शेटकडे जाताना आपल्या हातात काय आहे हे आपल्याला ठाऊक हवं. ग्रॅमच्या दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवणारा छोटा काटा मिळतो, तो पुरे. आधी कोरडं वजन घ्या. झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, पण 10 ग्रॅम किंवा 13 ग्रॅम भरला तर संशय घ्या. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि कडेला लागणार नाही असा धरा. काटा आता 1.13 च्या आसपास दाखवायला हवा. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदी नसलेल्या पण चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूचा, तेवढ्याच वजनाचा तुकडा 1.35 च्या आसपास दाखवतो. दोऱ्याला बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून दोन-तीनदा करा. लोहचुंबकावर फार विसंबू नका. तांबं आणि जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. भिंगातून कडा पाहा: उभ्या रेघा सारख्या अंतरावर हव्यात. मधोमध सांधा दिसला किंवा अक्षरांभोवती बारीक खड्डे असले, तर ते साच्यात ओतलेलं नाणं आहे. आणि ‘पोर्तुगेझा’ या शब्दात इंग्रजी झेड आहे ना, तेही बघा.

एवढं जुळलं तर हॉलमार्किंग केंद्रात किंवा मशीन असलेल्या सराफाकडे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी कस मोजणारी, तपासणी करून घ्या. त्यात नाण्याला ओरखडाही येत नाही. मात्र ती वरच्या थराचाच कस सांगते, मुलामा असला तर फसते. म्हणून पाण्यातलं वजन आधी. कानस लावू देऊ नका, ॲसिडचा थेंब टाकू देऊ नका. आणि चवथीला तांब्या-समई घासतो तसं चिंच-सोलं लावून ते चकचकीत तर मुळीच करू नका. काळपट झाक गेली की संग्राहक हात आखडता घेतो.

विकण्याआधी एक विचारते: तुम्हाला भावंडं आहेत का? गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी समान वारस असतात, त्यामुळे हा रुपया तुमच्या एकटीचा नसेलही. तुमचा वाटाही लग्नाचा वेगळा करार नसेल तर नवऱ्याबरोबर सामाईक असतो, म्हणून त्यांनाही विचारात घ्या. प्राप्तिकर एवढ्या रकमेत नगण्य आहे. जो भांडवली नफा होईल तो याच नियमामुळे दोघांत निम्मा-निम्मा दाखवायचा. लिस्बनला किंवा लंडनला कोणी नातेवाईक असतील आणि ‘इकडे पाठव, जास्त भाव येईल’ म्हणत असतील, तर पाठवू नका. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे.

माझं मत विचाराल तर विकू नका. शेट वाईट सांगत नाहीत, पण चांदीच्या भावाने मिळणारी रक्कम तुमच्या एका महिन्याच्या जास्तीच्या भरण्याएवढीही होणार नाही, आणि वितळलेला रुपया परत येत नाही. खरा धोका थांबवलेल्या 5,000 मध्ये आहे. 4 लाख 20 हजारांवर व्याज रोज चढतंय. या महिन्यापासून ते पुन्हा सुरू करा आणि ही रक्कम मुद्दलात जमा करा, असं बँकेला लेखी कळवा. काही वेळा ती पुढच्या हप्त्यापोटी धरली जाते, आणि मग व्याज काही कमी होत नाही.