पहिल्यांदाच पिकअप भाड्याने घेताय?

वन-आरकेच्या सामानाला छोटा हत्ती (टाटा एस) पुरतो: हौदा, म्हणजे मागची सामानाची जागा, साधारण ७ बाय ५ फूट, वजन पाऊण टनापर्यंत नेतो. मोठा दिवाण असेल तर बोलेरो पिकअप घ्या, हौदा ९ फुटांपर्यंत मिळतो. चाळीच्या गल्लीत मात्र छोटा हत्तीच बरा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील.

नवखे हमखास चुकतात ते ब्रेकवर. रिकामा पिकअप मागून हलका असतो. पावसात करकचून ब्रेक मारला की मागची चाकं घसरतात. फ्रिज, कपाट केबिनला टेकवून दोरीने घट्ट बांधा. जड सामान मागच्या फाळक्याकडे (उघडणाऱ्या फळीकडे) गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही.

ताब्यात घेताना स्टेपनी, जॅक बघा, ओरखड्यांचे फोटो काढा. बाजूचे आरसे निघण्याआधीच नीट फिरवून घ्या. हौदा भरला की मागचं दिसत नाही. लायसन्स कारचंच चालतं.