बसची वही सोबत ने

ताई, मला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय. एकाचं नाव कुणालाही सांगा, ओळखीचं निघतं. पण तिथे माझ्या गुणांवर रसायनशास्त्रच मिळतंय. दुसऱ्या कॉलेजचं नाव आमच्या शेजाऱ्यांनीही ऐकलेलं नाही, पण तिथे संख्याशास्त्र मिळतंय आणि मला तेच शिकायचंय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बाबा म्हणतात, विषय काय, शिकता शिकता आवडतो; नाव मात्र जन्मभर पुरतं. फी भरायला दहा दिवस उरलेत. निर्णय चुकला तर?
– दोन दारांत उभी

प्रिय मुली,

तुझं पत्र इथे छापलंय त्याच्या चौपट मोठं आहे. त्यात रसायनशास्त्राबद्दल दोन ओळी आहेत आणि बसच्या वहीबद्दल दीड पान. शाळेची बस रोज किती मिनिटं उशिरा येते ते तू वर्षभर टिपून ठेवलंस. सरासरी सहा मिनिटं निघाली. मग तुझं तुलाच कळलं की ही सरासरी फसवी आहे, कारण बहुतेक दिवस बस दोन-तीन मिनिटांतच येते आणि मोजके दिवस पंचवीस मिनिटं लावते. हे तुला कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणी करायला सांगितलेलंही नव्हतं. ते दीड पान वाचूनच माझं मत झालं. मी तुझ्या जागी असते तर संख्याशास्त्र घेतलं असतं. पण एका अटीवर, आणि ती अट याच दहा दिवसांत तुला स्वतः जाऊन तपासायची आहे.

आधी बाबांचं बोलू, कारण ते सांगतात त्यात तथ्य आहे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच तोडीच्या कॉलेजांत अर्ज केलेल्या, सारखेच होकार-नकार मिळालेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. त्यातले काही जण नामांकित कॉलेजात गेले, काही साध्या. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. नामांकित कॉलेजातली मुलं पुढे जातात ती बऱ्याच अंशी मुळातच तशी असतात म्हणून. अभ्यास एवढ्यावरच थांबला असता तर मी तुला सरळ सांगितलं असतं की नाव विसर. पण त्याच अभ्यासात एक अपवाद आहे. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला होता. याच दोघांच्या पुढच्या कामात, आई-वडील फारसे शिकलेले नसलेल्या मुलांच्या बाबतीतही तसंच आढळलं. म्हणजे नेमकं तुझ्यासारख्यांच्या बाबतीत.

असं का होत असावं? मला वाटतं, शिकलेल्या घरातल्या मुलाला मामा, काकू, वडिलांचे मित्र असे दहा जण वाट दाखवणारे असतात. तुला ती माणसं कॉलेजातच मिळवावी लागणार. मोठ्या नावाच्या ठिकाणी ती आपोआप आजूबाजूला असतात, म्हणून नाव उपयोगी पडतं. तेव्हा माझी अट ही: त्या अनोळखी कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागात तुला हाताला धरणारी दोन-तीन माणसं आहेत का, ते बघून ये.

बघायला जायचं ते साध्या कामाच्या दिवशी, दुपारी. स्वागत समारंभाच्या दिवशी सगळीच कॉलेजं सुंदर दिसतात. विभागाच्या पॅसेजमध्ये अर्धा तास नुसती उभी राहा. प्राध्यापकांच्या खोल्यांची दारं उघडी आहेत का? कुणी मुलगा वही घेऊन आत जातोय का? कॉम्प्युटर लॅबच्या टेबलावर सह्यांचं रजिस्टर असतं, ते चाळता आलं तर चाळ. तारखा सलग असतील तर लॅब चालते. सगळ्या सह्या परीक्षेआधीच्या पंधरवड्यातल्या असतील तर तेही कळेल. शेवटच्या वर्षाच्या मुलींना 'कॉलेज कसं आहे' असं विचारू नकोस, 'चांगलं आहे' म्हणतील. विचार, 'गेल्या महिन्यात कुठल्या सरांकडे किंवा मॅडमकडे वर्गाबाहेर गेला होतात, आणि कशासाठी?' त्या एकमेकींकडे बघायला लागल्या की समजून जा.

विभागात कायमचे शिक्षक किती, हे ऑफिसात विचार. आणि फलकावर लावलेल्या सर्वात मोठ्या पगाराच्या फोटोला भुलू नकोस, मग ते कॉलेज कुठलंही असो. तो आकडा म्हणजे तुझ्या बसचा पंचवीस मिनिटांचा दिवस. गेल्या वर्षी वर्गात एकूण किती जण होते, आज त्यातला प्रत्येक जण काय करतोय, आणि पगाराप्रमाणे रांग लावली तर अगदी मधोमध उभ्या राहणाऱ्या मुलाचं काय झालं, हे विचार. तुला मध्यक म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

हे सगळं पाहून विभाग पोकळ निघाला तर मोठ्या कॉलेजात जा, मनात अढी न ठेवता. पण 'आत गेल्यावर विषय बदलून घेऊ' या आशेवर जाऊ नकोस. विषय बदलता येतो का, किती जागांवर, किती गुणांवर, हे नियमात लिहिलेलं असलं तरच खरं. तोंडी आश्वासनावर वर्षं जातात, मुली. मला आलेल्या पत्रांपैकी सर्वात कडवट पत्रं त्याच मुलांची असतात.

आता आत गेल्यानंतरचं. अमेरिकेतच २०१४ मध्ये गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी तीस हजारांहून जास्त पदवीधरांना त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. विषयाची गोडी लावणारा एक तरी शिक्षक, आपली माणूस म्हणून काळजी करणारे शिक्षक, आणि स्वप्नांना बळ देणारं एखादं मार्गदर्शक माणूस, या तिन्ही गोष्टी मिळालेल्यांची पुढे कामात मन लावण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. कॉलेज सरकारी की खाजगी, नामांकित की साधं, याने त्यामानाने थोडाच फरक पडत होता. पण तिन्ही मिळाल्याचं ठामपणे सांगणारे होते अवघे चौदा टक्के.

मी स्वतः त्या चौदात जवळजवळ नव्हतेच. कॉलेज नावाजलेलं होतं, आणि मी दोन वर्षं मागच्या बाकावर बसले. तिसऱ्या वर्षी माझ्या निबंधाच्या समासात एका बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, 'ये एकदा, बोलू.' जायला मला अकरा दिवस लागले. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. आत गेले तेव्हा त्यांनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून मला जागा करून दिली आणि माझ्या एकाच परिच्छेदावर तासभर बोलल्या. आज मी हे लिहिते आहे ते त्या तासामुळे. आधीची दोन वर्षं ते दार तिथेच होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून तू पहिल्याच महिन्यात दार वाजव. 'सर, काही समजलं नाही' असं म्हणत जाऊ नकोस. गणित जिथवर सोडवलं आहेस तो कागद घेऊन जा आणि 'इथे अडले' म्हणून बोट ठेव. अर्धवट सोडवलेला कागद पाहिला की बहुतेक शिक्षक खुलतात. ट्युटोरियल म्हणजे काय, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, इंटर्नशिपसाठी पत्र कसं लिहितात, हे विचारताना मान खाली घालू नकोस. इतरांना ते घरात बसल्या बसल्या कळतं, तुला विचारून कळेल, एवढाच फरक. वरच्या वर्गातल्या एका तरी मुलीशी मैत्री कर. आणि अभ्यास करताना पुस्तक मिटून आठवून लिहायची सवय लाव. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं, पण आठवडाभराने टिकतं ते आठवून काढलेलंच.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, चुकला तर. तर वर्षभरात तुला कळेल. त्यासाठी दोन्ही कॉलेजांतून बाहेर पडण्याचे नियम आणि फी परत मिळण्याच्या तारखा आजच एका कागदावर लिहून ठेव. बाहेरची वाट माहीत असली की रात्री झोप लागते.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा बाबांनाही घेऊन जा. ऑफिसातले प्रश्न त्यांना विचारू दे. व्यवहाराचं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू ती बसची वही पिशवीत टाक, आणि ज्या प्राध्यापकांचं दार उघडं दिसेल त्यांना दाखव. ते ती चाळतात की बाजूला ठेवतात, हे बाबांच्या समोरच होऊ दे.

तुझी,
ताई