स्लोव्हेनियन आधी की डॅनिश?

दोन्ही एकदम सुरू करू नका. डॅनिशचं व्याकरण हलकं: मी, तू, आम्ही, सगळ्यांना क्रियापद एकच. पण लिहिलेलं अर्धं तोंडातच विरघळतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ऐकत राहा. आकडे मात्र गमतीचे. पन्नासला ‘हॅल्त्रेस’ म्हणतात, मुळात अडीच विसा. सत्तर म्हणजे साडेतीन विसा. अगदी आजीचा हिशेब!

स्लोव्हेनियन नेमकी उलटी. वाचायला बरीच सरळ, फक्त आघात कुठे द्यायचा ते लिहीत नाहीत. पण सहा विभक्त्या, तीन लिंगं, वर द्विवचन. ‘मिद्वा ग्रेवा’ म्हणजे आम्ही दोघं जातो. तिसरा आला की ‘मी ग्रेमो’. (हो, त्यांचा ‘मी’ म्हणजे आम्ही.) शाळेत ‘गच्छावः’ घोकलं असेल तर आधी हीच घ्या.