प्रस्तावाची सुरुवात रिकाम्या तक्त्यापासून

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी ‘आयओटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) वापरून बेअरिंगच्या बिघाडाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा’ हा विषय दिला. ‘यात संशोधन कुठे आहे?’ असं विचारून मार्गदर्शकांनी तो परत केला. सेन्सर, कंट्रोलर, मोबाइल अ‍ॅप, मशीन लर्निंग सगळं आहे. मग कमी काय पडलं?

कमी पडला तो संशोधनाचा प्रश्न. काय बनवणार ते तुम्ही सांगितलंत, काय शोधून काढणार ते राहिलं. हाच विषय असा मांडून बघा: ‘6205 बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरचा किती लहान दोष स्वस्त मेम्स सेन्सरला ओळखता येतो, आणि पिझोइलेक्ट्रिक सेन्सरच्या तुलनेत तो कुठे मागे पडतो?’ (6205 हा बॉल बेअरिंगचा प्रमाणित क्रमांक, मेम्स म्हणजे चिपवरचा सूक्ष्म कंपन-सेन्सर आणि पिझोइलेक्ट्रिक म्हणजे दाबाने वीज देणाऱ्या स्फटिकाचा.) आता मोजायचं काय, बदलायचं काय आणि तुलना कशाशी, हे एका वाक्यात आलं. अ‍ॅप केलंत तर चांगलंच, पण ते परिशिष्टात.

सेन्सरचा हिशेब मात्र प्रस्ताव लिहिण्याआधीच करा. शाफ्ट मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर सेकंदाला 25 झाले. 6205 मध्ये 9 गोळ्या असतात आणि बाहेरच्या रिंगवरच्या दोषाची वारंवारता शाफ्टच्या सुमारे 3.58 पट येते, म्हणजे 90 हर्ट्झच्या आसपास. आकडा लहान दिसतो म्हणून विद्यार्थी एडीएक्सएल345 सारखा मेम्स सेन्सर निवडून मोकळे होतात. तो सेकंदाला जास्तीत जास्त 3200 वाचनं देतो, त्यामुळे त्याच्या निम्म्या, म्हणजे 1600 हर्ट्झच्या वरचं त्यातून काही कळत नाही. दोष कोवळा असताना गोळी त्यावरून जाते तेव्हा बारीक ठोका बसतो आणि बेअरिंग व हाउसिंग काही हजार हर्ट्झवर झणझणतं. 90 हर्ट्झ हा त्या ठोक्यांचा फक्त ताल. सुरुवातीचा पुरावा वरच्या पट्ट्यात असतो आणि तो एन्व्हलप पद्धतीने (झणझणाटातून ठोक्यांचा ताल वेगळा काढून) काढावा लागतो. तो पट्टाच नोंदवला गेला नसेल तर पुढचं कोणतंही अल्गोरिदम तो परत आणू शकत नाही. सेन्सर बसवायची पद्धतही प्रस्तावात लिहा: दुहेरी चिकटपट्टीवर वरच्या वारंवारता मार खातात, स्टडवर (स्क्रूने) पक्का बसवलेला सेन्सर त्या नीट पोहोचवतो.

मशीन लर्निंगमध्ये सर्वांत घातक चूक डेटा विभागताना होते. एकाच रेकॉर्डिंगचे शेकडो तुकडे करून काही शिकवायला आणि काही तपासायला वापरले, की अचूकता 99 टक्क्यांच्या पुढे जाते, कारण तपासणीतले तुकडे शिकवणीतल्या तुकड्यांचे सख्खे शेजारी असतात. तपासणीसाठी वेगळं बेअरिंगच ठेवा आणि तसं प्रस्तावात स्पष्ट लिहा. जाणकार परीक्षक आधी तेच वाचतो.

प्रश्न : थ्रीडी प्रिंट केलेल्या पीएलए प्लास्टिकच्या ताणशक्तीवर लेयरची जाडी, इनफिल (आतला भराव), नोझलचं तापमान आणि प्रिंटचा वेग यांचा परिणाम बघायचा आहे. प्रत्येकाच्या तीन पातळ्या आहेत. टागुचीचा एल9 (नऊच प्रयोगांचा तयार आराखडा) घ्यावा का? आणि नमुने किती?

सगळ्या जोड्या घेतल्या तर 81 होतात, प्रत्येकी 5 नमुने म्हणजे 405. हे झेपणार नाही, म्हणून सगळे एल9 कडे वळतात. त्याची किंमत समजून घ्या. 9 प्रयोगांतून 8 मुक्तांश (स्वतंत्र तुलना) मिळतात आणि तीन पातळ्यांचे चार घटक ते आठही खातात. घटकांचे परस्परपरिणाम मुख्य परिणामांत मिसळतात, मग तापमान आणि वेग एकमेकांवर अवलंबून आहेत की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. प्रिंटिंगमध्ये तर नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

आमचा सल्ला असा: एक घटक स्थिर ठेवा. उरलेल्या तिघांच्या दोन-दोन पातळ्या घ्या. 8 जोड्या, प्रत्येकी 5, एकूण 40 नमुने. यात प्रत्येक पातळीच्या वाट्याला 20 नमुने येतात. ते पुरतात का, हे प्राथमिक चाचणीवरून ठरवा. 5 टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याचा धोका) आणि 80 टक्के सामर्थ्य (खरा फरक सापडण्याची शक्यता) धरलं तर दोन गटांच्या तुलनेत प्रत्येक गटात लागणारे नमुने साधारण 16 गुणिले प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. विचलन 2 मेगापास्कल आणि फरक 3 मेगापास्कल असेल तर उत्तर 7.1 येतं, म्हणजे किमान 8. तुमच्याकडे 20 आहेत.

एका बेडवर एकदम छापलेले पाच नमुने मात्र पाच पुनरावृत्त्या ठरत नाहीत. त्या दिवशीचं बेडचं लेव्हलिंग आणि फिलामेंटमधला ओलावा पाचांनाही सारखाच लागतो. प्रत्येक नमुना वेगळा छापा आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आता यंत्र. एएसटीएम डी638 (प्लास्टिकच्या ताणचाचणीचं मानक) च्या टाइप 1 नमुन्याची रुंदी 13 मिमी आणि जाडी 3.2 मिमी धरली तर छेद 41.6 चौरस मिमी होतो. ताणशक्ती 50 मेगापास्कल मानली तर नमुना जेमतेम 2 किलोन्यूटनला तुटेल. स्टीलच्या सळ्या तोडणाऱ्या 600 किलोन्यूटनच्या यूटीएमवर (ताणून तोडणाऱ्या चाचणी यंत्रावर) हे पूर्ण क्षमतेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, तिथल्या आकड्यावर विसंबू नका. 5 किंवा 10 किलोन्यूटनचा लोड सेल (बल मोजणारा भाग) कुठे मिळेल ते आधी शोधा. चाचणीआधी नमुने 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत किमान 40 तास ठेवा, ओढण्याचा वेग मिनिटाला 5 मिमी. नमुने गोलाईपाशी (अरुंद मधला भाग रुंद टोकाला मिळतो तिथे) तुटू लागले तर बहुधा बाहेरच्या रेषा तिथे संपत असतात आणि ताण साचतो. मॉडेलमध्ये गोलाईची त्रिज्या वाढवा आणि तो बदल नोंदवा.

प्रश्न : ‘अभ्यास करणे, विकसित करणे, विश्लेषण करणे, उपाय सुचवणे’ अशी चार उद्दिष्टं लिहिली होती. ती मोघम ठरवली गेली. नेमकी कशी लिहावीत?

प्रबंध संपल्यावर जो मुख्य तक्ता छापाल, तो आज रिकामा आखा. ओळींत बदलायचे घटक, स्तंभांत मोजायच्या राशी, प्रत्येकीशेजारी एकक आणि उपकरणाचं लघुतम माप (ते दाखवू शकतं तो सर्वांत लहान फरक). ज्या उद्दिष्टासाठी तक्त्यात एकही रकाना नाही, ते खोडा. ज्या रकान्यासाठी उपकरण हाताशी नाही, त्यावर आजच तोडगा काढा. अंदाजपत्रक आणि वेळापत्रक याच तक्त्यातून निघतं.

वेळापत्रकात पहिल्याच महिन्यात दोन-तीन नमुन्यांची प्राथमिक चाचणी ठेवा, साहित्याचा आढावा पूर्ण व्हायची वाट बघू नका. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची तारीख लेखी घ्या. शेवटचे दोन महिने लेखनासाठी मोकळे सोडा, कारण फेरचाचण्या तेव्हाच निघतात. आणि अपेक्षित फरक दिसलाच नाही तर निष्कर्ष काय लिहाल, ते एक वाक्य प्रस्तावातच घाला. ते सुचत नसेल तर मूळ प्रश्न पुन्हा तपासा.